ढेपेवरचा हसरा गडी

मुदपाकखान्यातली गोष्ट मुदपाकखान्यातच ठेवायची, असं मला घरी बजावून सांगितलं आहे. तरी सांगते. फक्त मोठ्यानं वाचू नका.

राजा वीरधवलांनी गुळाच्या पोळीचं ताट दूर सारलं!

"हा गूळ कुणाच्या गुऱ्हाळातला?"

"बाजारातला, महाराज," आचारी रखमाजी हात जोडून म्हणाले.

"बाजारात ऊस उकळत नाही, रखमाजी! काल शिकारीहून येताना आम्ही एक गुऱ्हाळ पाहिलं. कढईत गूळ रटरटत होता आणि जाळ घालणारा गडी उपाशीपोटी पेंगत होता. यापुढे ज्या गुळामागं कुणाचं पोट मारलंय, तो गूळ राजवाड्यात येणार नाही!"

दवंडी पिटली. संध्याकाळपर्यंत बाजारातल्या ढेपांवर शिक्के उमटले. शिक्क्यात एक गडी पोट धरून हसत होता. गुऱ्हाळवाल्या माणिकशेठच्या ढेपेवरचा गडी हसत होता. झुंबरशेठच्या ढेपेवरचा त्याहून मोठ्यानं हसत होता, म्हणून माणिकशेठनी आपल्या गड्याला आणखी चार दात कोरून घेतले. फक्त येसाबाईंच्या काळपट ढेपेवर काहीच नव्हतं. शिक्का करून घ्यायला त्यांना सवड नव्हती. त्या रस गाळत होत्या.

राजानं तिघांच्याही ढेपा मागवल्या आणि रखमाजींपुढं ठेवल्या.

"उद्या संक्रांत. यातला कुणाचंही पोट न मारता केलेला गूळ कोणता, ते ओळखा. गुऱ्हाळावर जायचं नाही. शेठला नाही, गड्याला नाही, कुणालाही एक प्रश्न विचारायचा नाही. विचारलं की लोक पाठ केलेलं बोलतात! नाही ओळखलं, तर झारा खाली ठेवा आणि राज्याबाहेर चालू लागा!"

रखमाजी ढेपा घेऊन घरी आले. ही चाखली, ती चाखली, पुन्हा ही चाखली.

"तिन्ही गोड आहेत," ते म्हणाले. "सामान बांधायला घे, पोरी."

त्यांची मुलगी सगुणा तीळ निवडत होती. तिनं सुपातून मान वर केली नाही.

"बाबा, महाराजांनी विचारायला बंदी केलीय. वाढायला केलीय का?"

"सणाला वाढायला कोण बंदी करील?"

"मग तिन्ही गुऱ्हाळांवरचा जाळ घालणारा एकेक गडी उद्या जेवायला बोलवा. महाराजांसमोर."

संक्रांतीला दरबारात तिन्ही ढेपा मांडल्या आणि पंगत बसली. गड्यांबरोबर मालकही आले. माणिकशेठनी आपल्या गड्याला नवं मुंडासं बांधलं होतं आणि काय बोलायचं ते वाटेत दोनदा म्हणून घेतलं होतं. सगुणानं प्रत्येकाच्या पानात भाकरी वाढली, चटणी वाढली आणि त्याच्याच गुऱ्हाळातल्या गुळाचं चांगलं मोठं ढेकूळ वाढलं.

माणिकशेठच्या गड्यानं भाकरीकडं पाहिलंच नाही. ढेकूळ संपवून बोटं चाटत तो म्हणाला, "लई गोड, सरकार! असला गूळ दुनियेत न्हाई!"

माणिकशेठनी मिशीवरून हात फिरवला.

झुंबरशेठच्या गड्यानं अर्धं ढेकूळ खाल्लं आणि अर्धं हळूच मुंडाशात खोचलं. सगुणानं ते पाहिलं, पण विचारलं काहीच नाही. विचारायला बंदी होती! गडी आपणहूनच ओशाळला.

"पोरीसाठी," तो म्हणाला. "तिनं अजून चाखला न्हाई."

झुंबरशेठना खोकला आला.

येसाबाईंच्या गड्यानं मात्र गूळ पाहून तोंड वाकडं केलं आणि ढेकूळ पानाच्या कडेला सारलं.

"ह्ये नगं, ताई. मिरचीचा ठेचा असंल तर वाढा."



"बघा, महाराज!" माणिकशेठ ओरडले. "हिच्या गुळाला हिचाच गडी शिवत नाही!"

"रखमाजी," राजा म्हणाला, "झारा!"

रखमाजींनी झारा जमिनीवर ठेवला. तेवढ्यात सगुणा ठेच्याची वाटी घेऊन परत आली. तिनं आधी गड्याला ठेचा वाढला, मग राजाकडं वळली.

"महाराज, येसाबाईंचा गूळ एकदा चाखून बघावा."

राजानं एक खडा तोंडात टाकला. मग दुसरा टाकला. तिसरा उचलताना सगळे आपल्याकडं बघताहेत, हे त्याच्या ध्यानात आलं.

"गूळ उत्तम आहे! मग हा खात का नाही?"

"कंटाळलाय, महाराज! गुऱ्हाळाची रीत शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वाटसरू आला, तरी त्याला रस पाजतात, ऊन गूळ देतात, रिकाम्या तोंडी धाडत नाहीत. मग दिवसभर जाळापुढं बसणाऱ्याला किती मिळायला हवं? ज्याला हंगामभर मिळाला, त्याचं तोंड गुळाला विटलंय. ज्यांना मिळाला नाही, ते अजून बोटं चाटताहेत."

माणिकशेठच्या गड्यानं बोट तोंडातून बाहेर काढलं.

राजानं ढेपेवरच्या हसऱ्या गड्याकडं पाहिलं, मग येसाबाईंच्या गड्याकडं.

"म्हणजे ढेपेवर ज्याचा गडी हसतो, त्याचा गडी उपाशी. आणि हा पोटभर जेवलेला, तर याच्या डोळ्यांत पाणी?"

"ते ठेच्याचं, महाराज."

राजा असा हसला, की त्याचा मुकुट माणिकशेठच्या ढेपेवर जाऊन पडला!

त्यानं रखमाजींच्या हाती चांदीचा झारा दिला आणि राजवाड्यात कुणाचा गूळ यायचा, ते ठरवायचा हक्क सगुणाला दिला. तिळगूळ येसाबाईंच्या गुळाचा झाला. "तुमचे गडी ठेचा मागेपर्यंत तुमचा गूळ बाजारात दिसता कामा नये!" असं दोन्ही शेठना फर्मान सुटलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या गुऱ्हाळांवर गड्यांना आग्रह करकरून गूळ वाढणं सुरू झालं. शेठ स्वतः वाढत होते.

आणि झुंबरशेठच्या गड्याची ती पोर, तिला सगुणानं आख्खी ढेप पाठवली, तर ती ढेपेकडं बघून बापाला म्हणते कशी, की बाबा, आता मला जरा ठेचा...

आले गं, आई! नाही, कुणाला काही सांगत नव्हते!