दुर्बीण आणि हवामानाचा कॅमेरा

फार वर्षांपूर्वी एका उपग्रहावर दुर्बीण आणि हवामानाचा कॅमेरा शेजारी राहत. उपग्रहाला एका वेळी एकीकडेच तोंड करता येई, ताऱ्यांकडे नाहीतर पृथ्वीकडे.

एकदा कॅमेरा म्हणाला, "दुर्बीणताई, मघाशी समुद्रावर ढग गरगरत होते. जरा खाली वळू दे."

"आता माझी वेळ आहे. तिकडे तारा फुटतोय!" ती फणकारली.

ताऱ्याचं चित्र अप्रतिम आलं. मग उपग्रह खाली वळला. किनाऱ्यावर होड्या उलट्या पडल्या होत्या. वादळाचा इशारा कोणालाच मिळाला नव्हता.

कॅमेरा एवढंच म्हणाला, "चित्र छान आलंय, ताई."

दुर्बीण शरमेनं चूर झाली. पृथ्वीवरून कौतुकाचे निरोप येत राहिले, पण तिला ते ऐकवेनात. त्यानंतर वेळ तिची असली तरी ती आधी विचारी, "खाली सगळं ठीक आहे ना रे?"