काना गावची शपथ

"फादर, तिथं ढसाढसा रडलो, मग इथं आल्यावर डोळे कोरडे ठणठणीत का?"

जोकीम तुस्कानोने खुर्चीत टेकायच्या आधीच विचारलं.

वसईतलं निवृत्त धर्मगुरूंचं घर. दुपारच्या व्हरांड्यात फादर सिप्रियन आरामखुर्चीत बसले होते, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून. उमेदीच्या वयात त्यांनी कितीतरी लोकांना जेरुसलेम दाखवून आणलं होतं. आता खुर्चीतून उठणं हीच त्यांची यात्रा.

"कुठं कुठं रडलास?"

"येशूच्या पवित्र कबरीपाशी. त्या दगडावर हात ठेवला आणि रडूच फुटलं. बेथलेहेमला रडलो. गालीलच्या सरोवरात होडी मध्यावर थांबवली, तेव्हा तर... आमच्या ग्रुपमध्ये माझ्याइतकं कोणी रडलं नाही, फादर. गाईडसुद्धा म्हणाला."

हे सांगताना त्याची छाती जराशी पुढे आली. फादरना हसू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"मग घोडं कुठं पेंड खातंय?"

"घरी आलो आणि सगळं आटलं. चर्चमध्ये मिस्सेला जातो, येशूचं शुभवर्तमान वाचतात तेव्हा सगळ्यांबरोबर उभा राहतो, रोज रोझरीची माळ म्हणतो, पण आत काही हलत नाही. भीती वाटते, फादर... माझा देव तिथंच राहिला की काय."

ही भीती मात्र खरी होती. माणूस बढाईखोर असला म्हणून त्याचं दुखणं खोटं नसतं.

"म्हणून ठरवलंय," जोकीम म्हणाला, "ईस्टरनंतर पुन्हा जायचं. ग्रुप निघतोच आहे. तेवढा आशीर्वाद द्या."

"रेजिना येतेय का?"

"ती कशी येणार? माझे बाबा अंथरुणाला खिळलेत. त्यांचं सगळं तीच बघते. आणि तिला नाहीतरी प्रवासाची आवड नाही."

बायकोला कशाची आवड नाही, हे नवऱ्यांना नेहमी पक्कं ठाऊक असतं.

"म्हणजे मागच्या खेपेलाही ती नव्हती."

"नव्हती. पण काना गावात मी तिला विसरलो नाही हं, फादर!"

काना गावी एका लग्नात येशूने पाण्याचा द्राक्षारस केला. तिथं जाणारी जोडपी वेदीपुढे उभी राहतात आणि एकमेकांचा हात धरून लग्नाची शपथ पुन्हा घेतात. जोकीमने ती व्हिडिओ कॉलवर घेतली होती.

"सगळे जोडीनं उभे, आणि मी मोबाइल धरून. लोकांनी टाळ्या वाजवल्या! तिथलं प्रमाणपत्रही मिळालं. फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय."

"शपथ पूर्ण म्हटलीस?"

"पूर्ण. सुखात आणि दुःखात, आजारात आणि आरोग्यात. एक शब्द चुकलो नाही."

"आणि तिनं?"



"रेंज नीट नव्हती."

"तिनं, जोकीम?"

"ती... बाबांना अंघोळ घालत होती. मोबाइल कुठंतरी बाजूला टेकवला असेल. मला नुसतं न्हाणीघराचं छप्पर दिसत होतं."

"काहीतरी बोलली असेल ना?"

"बोलली. म्हणाली, 'तुम्ही म्हणा, मी ऐकतेय. बाबांच्या अंगाला साबण आहे, मला त्यांचा हात सोडता येत नाही.'"



फादरनी आरामखुर्चीचे दोन्ही दांडे घट्ट धरले आणि हळूहळू, दात आवळत, उठायला लागले.

आशीर्वाद मिळणार म्हणून जोकीमने लगबगीने गुडघे टेकले, मान खाली घातली आणि वाट पाहिली. डोक्यावर हात काही आला नाही. त्याने वर पाहिलं, तर फादर हात जोडून ताठ उभे होते. पाय लटलट कापत होते.

"पुन्हा सांग. ती काय म्हणाली?"

"म्हणाली, तुम्ही म्हणा... मी ऐकतेय. बाबांच्या अंगाला साबण आहे, मला त्यांचा..."

लाज आणि माया दोन्ही एकदमच दाटून आल्या. आपण टाळ्या घेत होतो तेव्हा ती काय करत होती, हे त्याला आत्ता दिसलं. व्हरांड्याच्या फरशीवर बसून जोकीम तुस्कानो लहान मुलासारखा रडला.

बऱ्याच वेळाने त्याने बाहीने डोळे पुसले. फादर अजून उभेच होते.

"फादर, बसा ना आता. गुडघे दुखतील..."

फादर बसले नाहीत.

"शुभवर्तमान चालू असताना बसायचं नसतं, जोकीम."