अंगण झाडणारी साळुंकी

जो सर्वांच्या अंतरीचे जाणतो आणि कोणाचेही उघड करीत नाही, त्या नारायणाला प्रथम वंदन.

फार पूर्वी एका जांभळीच्या ढोलीत एक खार राहत असे. खाल्लेल्या फळांच्या साली-बिया ती खाली टाकी. एकदा एक साळुंकी येऊन म्हणाली, "ताई, अंगण रोज झाडून देते. मोबदला काही नको." खारीला धन्य वाटले.

पुढे एका सकाळी साळुंकीने सावरीचा मऊ कापूस आणला. "घ्या, बाळंतपणाला लागेल."

खार चपापली. हे तिने सख्ख्या बहिणीलाही सांगितले नव्हते. "तुला कोणी सांगितले गं?"

"अंगणाने! हल्ली नुसते चिंचोके झाडते आहे. डोहाळे का लपतात, ताई?"

खार लाजून हसली. कापूस तिला हवाच होता. पण त्याच दुपारी झाडाखाली उदमांजर येऊन बसले आणि मिशा चाटीत गोड आवाजात म्हणाले, "पिल्ले कधी होणार, बाई?"

खार साळुंकीकडे धावली. "तू त्याला सांगितलेस?"

"त्याने उंबरे दिली, मी बातमी दिली. तुमचे मी काय नेले? टाकलेल्या सालीच ना?"

नेले तर काहीच नव्हते. मग गेले काय, हे खारीला उमगेना. जडावल्या पोटाने तिने ती ढोली सोडली.

दूरच्या आंब्यावर तिने पहिले फळ खाल्ले आणि साल हातात धरून ती कितीतरी वेळ बसून राहिली. खाली टाकावी, की गिळून टाकावी?

श्रोतेहो, तुमचे अंतरंग तुमचेच राहो, आणि घरोघरीची लेकरे देवाच्या पांघरुणाखाली सुखाने निजोत.