माणसांचं वाचनालय

समुद्रकाठच्या एका गावात वैजयंती नार्वेकर ग्रंथपाल होत्या. वाचनालयात कुणी फिरकेनासं झालं, तेव्हा दर रविवारी त्या पुस्तकांऐवजी माणसं वाचायला देऊ लागल्या. कुणी सुईण द्वारकाबाईंसमोर बसे, कुणी दीपगृहावर नोकरी केलेल्या इस्माईलचाचांसमोर. मनात येईल ते विचारायचं आणि ऐकायचं. ओसरी पुन्हा गजबजली.

ती गर्दी पाहून वाचनालयाचे अध्यक्ष बळवंतराव शितोळे पुढे सरसावले. ते बोलू लागले की थांबत नसत.

"पुढच्या रविवारपासून सगळ्यांनी मलाच वाचायचं. जमत नसेल तर ही जागा माझ्या वडिलांची आहे, विसरू नका!"

द्वारकाबाई उठून निघाल्याच. त्यांना हातानेच थांबवत वैजयंतीबाई शांतपणे म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला या बाकावर बसवणं बरं दिसणार नाही. ही घरोघरी जाणारी पुस्तकं. तुम्ही तर संदर्भग्रंथ! तुमची खुर्ची आतल्या खोलीत, काचेच्या कपाटाशेजारी."

बळवंतराव खुलले. "अगदी बरोबर! मग माझं वाचन किती वाजता?"

"संदर्भग्रंथ कुणी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत नाही, साहेब. ज्याचं अडेल तो येतो, हवं तेवढंच पाहतो आणि मिटून ठेवतो."

बळवंतरावांची मान तोवर डोलून गेली होती.

रविवारी एकजण आत डोकावला. "साहेब, नळाची तक्रार कुणाकडे करायची?"

बळवंतरावांनी नाव सांगितलं, पुढचं सगळं ओठांवर आलेलं गिळलं आणि मुकाट्याने मिटून बसले.