खोळमावशीची माया

घरातल्या वस्तू आपापसांत बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका घरात वॉशिंग मशीन आली आणि लगेच तिच्यावर फुलाफुलांची जाड खोळ चढली. कपडे धुतानाही ती कुणी काढेना. मशीन तापायची, तळमळायची.

“मावशी, जरा बाजूला व्हा ना. अशानं एक दिवस मी जळेन.”

“नवीकोरी तू! धूळ बसली तर लोक काय म्हणतील?” म्हणत खोळ आणखी बिलगायची.

शेवटी करपल्याचा वास आला आणि मशीन मधेच बंद पडली. घरच्या सुनेनं धावत येऊन खोळ ओढून काढली. मशीन निवल्यावर तिनं ती मळकी खोळच आधी धुवायला टाकली.

आतून मावशी कळवळली, “अगं बाई, इथे तर श्वासच घेता येत नाही!”

“हो ना,” मशीन म्हणाली, “आणि आज तर वरून कुणी बिलगलेलंही नाही.”