हेस्टरचं बदक

लॉर्ड थॉर्नबींचा हिशेब सरळ होता. इंग्लंडातल्या त्या परगण्यात जमीन त्यांची, कुळं त्यांची, आणि पार्लमेंटातली खुर्चीही त्यांच्याच घरातली. त्या काळी मत सगळ्यांसमोर ओरडून सांगावं लागे, त्यामुळे सगळी कुळं मालकाचंच नाव ओरडत. यंदा मात्र जोनास पेल नावाच्या कुळानं दुसऱ्याच उमेदवाराचं नाव घेतलं. लॉर्डांचा मुलगा रूपर्ट निवडून आला खरा, पण म्हातारा धुमसतच राहिला.

सुगीच्या सणाला प्रत्येक कुळानं मालकाला एक बदक द्यायची तिथली रीत. जोनासची बायको हेस्टर काखेत बदक घेऊन हवेलीवर आली.

"ने ते परत! आणि जमीनही सोडा," लॉर्ड गरजले. "माझ्या जमिनीवर राहणाऱ्यानं माझंच ऐकायचं."

"बरोबर आहे, हुजूर," हेस्टर म्हणाली. "पण धाकटे साहेब पार्लमेंटात बसतात, ती खुर्ची कुणाची?"

"आमच्या घराण्याची!"

"मग दर निवडणुकीला ती मागायला आमच्या दारी कशाला येता?"

लॉर्डांनी शेजारी उभ्या रूपर्टकडे पाहिलं. हेस्टर पुढे म्हणाली,

"खुर्ची आमची, बसणार धाकटे साहेब. म्हणजे ते आमचं कूळच की! आणि हुजूर, त्यांचं बदक अजून आलेलं नाही."

रूपर्टला हसू आवरेना. लॉर्डांनी जरा वेळ मिशी चावली, मग तेही खो खो हसत सुटले. "जा रे, तळ्यावरून चांगलं लठ्ठ बघून आण!"

जमीन जोनासकडेच राहिली. आणि एका काखेत बदक घेऊन आलेली हेस्टर दोन्ही काखांत बदकं घेऊन घरी गेली.