शेणकिडीची गोळी पडली भेगेत

बांबूच्या बेटाजवळ राहायची एक शेणकिडी. नखाएवढी. काळी कुळकुळीत.

तिने केली शेणाची गोळी. गोळीत ठेवलं अंडं. अंड्यात होतं बाळ.

शेणकिडी गोळी ढकलायची मागच्या पायांनी. डोकं खाली, पाय वर, चालणं उलटं. गड गड गड!

उलटं चालताना शेतातली भेग दिसणार कशी? गोळी पडली भेगेत. टुप्पकन!

"अगं बाई, माझं बाळ!" शेणकिडी रडायला लागली. उकरायला गेली, तर माती दगडासारखी कडक.

"माती, माती, मऊ हो! माझी गोळी मिळेना!"

माती म्हणाली, "पाणी माझ्यात टिकत नाही. कोळसा आण, मग मऊ होईन. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. शेणकिडी गेली कोळसा करायच्या पिंपाकडे.

"पिंपा, पिंपा, कोळसा दे! माती मऊ होईना, माझी गोळी मिळेना!"

पिंप म्हणालं, "डब्ब डब्ब! पोट रिकामं. बांबूच्या काठ्या आण, मग देईन. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. गेली बांबूकडे.

"बांबू, बांबू, काठी दे! पिंप कोळसा देईना, माती मऊ होईना, माझी गोळी मिळेना!"

बांबू म्हणाला, "सळ सळ! हवा खाऊन वाढलो मी. पण आपला आपण तुटू कसा? हौसाकाकू तोडेल, मग देईन. तोवर नाही."

तुरुतुरु, तुरुतुरु. हौसाकाकू टोपली विणत बसली होती.

"काकू, काकू, कोयता घे! बांबू काठी देईना, पिंप कोळसा देईना, माती मऊ होईना, माझी गोळी मिळेना!"

काकू म्हणाली, "अगं, चांदोबा वाढतोय. आत्ता तोडला तर बांबू किडतो. चांदोबा लहान होऊ दे, मग घेईन. तोवर नाही."

संध्याकाळी चांदोबा आला. भला मोठा, गोल.

"चांदोबा, चांदोबा, लहान हो! काकू कोयता घेईना, बांबू काठी देईना, पिंप कोळसा देईना, माती मऊ होईना, माझी गोळी मिळेना!"

चांदोबा म्हणाला, "होईन की! पण हळूहळू. थांबशील?"

काय करते बिचारी! भेगेच्या काठाशी बसली. रोज विचारायची, "बाळा, आहेस ना रे?"

मग भेगेत डोकावून बघायची.

चांदोबा लहान झाला. आणखी लहान. काकडीच्या फोडीएवढा!

मग काकूने कोयता घेतला. खच खच! जुने बांबू तोडले. कोवळ्यांना हात लावला नाही. बांबूने काठ्या दिल्या. टोपल्या झाल्या. उरलेले तुकडे गेले पिंपात. तुकडे पेटवले, वर झाकण लावलं.

"झाकण उघडू नका रे, राख होईल!" काकू पोरांना ओरडली.

पिंपाने कोळसा दिला. काकूने तो शेणाच्या पाण्यात भिजवला, भेगाळलेल्या शेतात मिसळला. बांबूने हवेतून जे खाल्लं, ते मातीत जाऊन बसलं. मातीने पाणी धरलं. माती मऊ झाली. भुसभुशीत!

शेणकिडीने उकरलं. खर खर खर! मिळाली गोळी!

पण हे काय? गोळीला भोक. गोळी रिकामी!

"बाळा! कुठे गेलास रे?"

मागून कुणीतरी तिचा पाय ओढला. काळं कुळकुळीत. इवलुसं.

"माती मऊ झाली, तसा मी आपला आपण वर आलो. आई, कित्ती वेळ लावलास गं! मला भूक लागलीय!"